आधी दुर्बीण, मग गाडी

माळरानावर जायचं असेल तर पैसे आधी दुर्बिणीवर खर्च करावेत आणि उरले तर गाडीवर. पिंपरी-चिंचवडात हे बोलायला जरा धीर लागतो, कारण इथल्या कित्येक घरांची चूल गाड्यांवरच पेटते. टेल्को, बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो या तीन नावांवर इथली एक पिढी वाढली. पुढच्या पिढीने चाकणची वाट धरली. फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने तिथे उभे राहिले. गाडी घेताना इथला माणूस शोरूमच्या पोऱ्याचं ऐकून घेतो खरा, पण मनात हसत असतो. दरवाज्याची फट किती मिलिमीटर असायला हवी, बंपरचा डाय कुठल्या टूलरूममध्ये झाला, हे त्याला त्या पोऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

हाच जाणता माणूस हिवाळ्यात लांडगा किंवा चिंकारा बघायला निघाला की भलतीच गाडी आणि भलतीच दुर्बीण घेऊन निघतो. भोसरीतली बरीच वर्कशॉप गुरुवारी बंद असतात, त्यामुळे या पट्ट्यातल्या हौशी मंडळींचा माळावरचा वार गुरुवार. रविवारी पुणेकरांची गर्दी असते, गुरुवारी माळ मोकळा. पहाटे साडेतीनला निघायचं, कारण तिसऱ्या पाळीच्या बसगाड्या आणि नव्याकोऱ्या गाड्या भरून निघालेले कार कॅरियर ट्रेलर एकदा चौकात अडकले की चाकणातच उजाडतं. पुढे सोलापूर रस्त्याने चौफुल्याला आत वळून सुपे, नाहीतर सरळ पुढे बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी. दिवेघाट, सासवड, जेजुरी, मोरगाव असा जुना रस्ताही सुप्याला पोचवतो, आणि वाटेत नाश्त्याची सोय त्याच रस्त्याला बरी आहे.

या जागा केवढ्या लहान आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्रफळ सव्वापाच चौरस किलोमीटरच्याही किंचित आतच. पलीकडे कर्जत तालुक्यातलं काळविटांचं रेहेकुरी १९८० चं, ते अवघं २.१७ चौरस किलोमीटर. चाकणच्या औद्योगिक पट्ट्याशेजारी ठेवलं तर रेहेकुरी नकाशावर शोधावं लागेल. एवढ्याशा जागेत तासाला शंभरचा वेग किंवा खोल चिखलातून निघायची ताकद घेऊन करायचं काय? आणि प्राणीही लहानच. चिंकारा खांद्यापाशी जेमतेम दोन फूट उंच आणि वजनाला वीस-बावीस किलो. वाळलेल्या गवताच्या रंगाचा हा प्राणी उभा राहिला की दोनशे मीटरवर दगड आणि तो यांत फरक करता येत नाही. लांडगा तर त्याहून मुरलेला. भारतभरात मिळून लांडगे तीन हजारांच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे. त्यातला एखादा आपल्याला दिसावा, ही अपेक्षाच मोठी आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत दर शरदात एल्क हरणाच्या शिकारीचा हंगाम भरतो. तिथेही गाडी कुठली आणि दुर्बीण कुठली, यावर माणसं वर्षभर वाद घालत असतात. पण तिथली गाडी फक्त डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पुढे पायी, नाहीतर घोडा किंवा खेचर. एल्कचा नर तीनशे किलोंच्या घरात जातो, तेव्हा मारलेल्या जनावराचं मांस खाली कसं आणायचं, यावरून गाडी ठरते. बहुतेक राज्यांत चालत्या गाडीतून गोळी झाडणं हा गुन्हाच आहे. दुर्बिणीचं काम मात्र मोठं. पहाटे कड्यावर बसून समोरचा आख्खा डोंगर तासन्‌तास विंचरायचा, मैल-दीड मैलांवर झाडीच्या कडेला काही हलतंय का ते पाहायचं. म्हणून त्यांचा कल दहा पटींच्या दुर्बिणीकडे आणि तिपाईवरच्या लांब स्पॉटिंग स्कोपकडे. त्यांच्या याद्या वाचून आपल्याकडे कुणी सामान जमवलं तर फसगत ठरलेली. आपण मारत नाही, आणि आपल्याकडे गाडी मागे सोडून जायचंही नसतं. माळावर गाडी सोडली की खेळ संपला.

असं का, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरात सापडतं. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होई. राजर्षी शाहू महाराजांना तिचा शौक होता आणि त्यांच्यानंतरही ती चालू राहिली. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर चित्ते आफ्रिकेतून आणले जात. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवायची, त्याला गाडीत बसवायचं आणि कळपाच्या दिशेने निघायचं. भारतभर या शिकारीसाठी साधी बैलगाडी वापरत. कोल्हापुरात घोड्यांनी ओढायच्या, ‘ब्रेक’ नावाच्या शिकारी गाड्याही होत्या. बैलगाडीच का? काळविटांना बैलगाडी रोजची होती. शेतात जाणारी, बाजाराला जाणारी बैलगाडी जवळून गेली तरी कळप मान वर करून बघे आणि पुन्हा चरायला लागे. तेवढ्याच अंतरावर माणूस पायी दिसला की कळप उधळे. चित्तेवान गाडी सरळ कळपावर नेत नसत, तिरकी, वळसे घेत नेत. अंतर पुरेसं कमी झालं की टोपी काढायची. चित्त्याचा वेग सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या शिकारीचं निम्मं यश त्या संथ, ओळखीच्या गाडीत होतं.

माळावरचं जनावर आजही तसंच वागतं. दुधाचे कॅन लटकवून जाणारी मोटारसायकल, उसाचा ट्रॅक्टर, मेंढपाळाचा टेम्पो यांच्याकडे चिंकारा ढुंकून पाहत नाही. आपली गाडीसुद्धा तो चालवून घेतो, पण तिच्यातून दोन पायांवर उभी राहणारी आकृती बाहेर आली की पळतो.

* * *

मधल्या काळात गाडीने या प्राण्यांचं जे केलं, तेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपगाड्या लोकांच्या हाती आल्या. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. खाचखळगे, नाले आणि माळ ओलांडून जाणारी गाडी, तिच्या टपावर सर्चलाइट आणि हातात बंदूक, एवढं जमलं की एका रात्रीत कळपच्या कळप साफ. काळवीट उजेडात भांबावून उभं राहतं, पळत नाही. भारतातल्या चित्त्याची शेवटची हकीकतही अशीच आहे. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री मोटारीतून जाताना तीन नर चित्ते टिपले. १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं.

म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्याच्या शिकारीतही गाडीतून मारण्यावर बंदी घातली होती. पुढे १९९१ मध्ये ती परवान्याची शिकारही संपली. पण कायद्यातली शिकारीची व्याख्या नव्या गाडीमालकांनी एकदा वाचावी. जनावर पिटाळणं हीसुद्धा शिकार. पक्ष्याची अंडी फोडणं, घरट्याला त्रास देणं हीसुद्धा शिकार. म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ काढायचा म्हणून चिंकाऱ्याच्या मागे थार सोडली, तर कायद्याच्या दृष्टीने तो गडी शिकारी ठरतो. चिंकारा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, त्यामुळे शिक्षा किरकोळ नसते, आणि गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त होते. हप्ते चालूच राहतात.

चाकोरी सोडून गवतात गाडी घालणाऱ्यांना वाटतं, मोकळी जमीन आहे, कुणाचं काय बिघडतं. सरकारी नोंदींतही गवताळ माळ वर्षानुवर्षं पडीक जमिनीतच मोजला गेला, तेव्हा एकट्या गाडीवाल्याला दोष देऊन भागणार नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडाला या पडीक जमिनीवर धाविक, माळटिटवी, चंडोल आणि पखुर्डी यांची अंडी उघड्यावर असतात. घरटं म्हणजे दोन खड्यांमधली खोलगट जागा. अंड्यांचा रंग मुरमाचा. चालणाऱ्याला ती दिसत नाहीत, तर ड्रायव्हरच्या खिडकीतून काय दिसणार.

* * *

आता गाडी. १९९४ ची सुमो आणि १९९८ ची सफारी या दोन्ही टाटांच्या इथल्याच. सुमोचं नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून, हे पिंपरीत शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्या मुळगावकरांनी टेल्कोच्या आवारात आधी झाडं लावली आणि तळं केलं. पुढे त्या तळ्यावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरायला लागले. म्हणजे गाडीचा कारखाना आणि पक्षीनिरीक्षण यांची सोयरीक या गावात जुनी आहे. आज महिंद्रांच्या चाकणच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ-एन बाहेर पडते, टाटांच्या पुण्यातल्या कारखान्यातून हॅरियर आणि नवी सफारी. या गाड्यांच्या जाहिरातींत डोंगर, वाळू आणि ओढे असतात. माळ नसतो, हे एका अर्थी बरंच आहे.

माळासाठी यांतली कुठलीही चालेल, आणि चार-पाच माणसं असतील तर जुनी बोलेरोही. वनखात्याची माणसं कित्येक वर्षं बोलेरोतून फिरताहेत आणि त्यांची तक्रार नसते. जंगल सफारीत ज्या मारुती जिप्सीने राज्य केलं ती १९८५ ला आली आणि सामान्य गिऱ्हाइकासाठी २०१९ मध्ये बंद झाली. ताडोब्यात अजून तिची चलती आहे, कारण ती हलकी आहे, वळायला छोटी आणि बाजूंनी उघडी. पण उघडी जिप्सी हे वाघाच्या जंगलाचं गणित. तिथल्या जनावरांना रोज डझनांनी जिप्सी बघायची सवय झालेली असते. माळावरच्या लांडग्याला ती नाही. त्याच्यासमोर बंद गाडी बरी.

फोर-बाय-फोरचा हट्ट सोडायला सांगितलं की चाकणचे मित्र दुखावतात. दख्खनच्या माळाची जमीन म्हणजे काळ्या पाषाणावर मुरमाचा पातळ थर. कोरड्या दिवसांत त्यावर साधी हॅचबॅकसुद्धा सांभाळून चालवली तर जाते. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, थारचा २२६, हे आकडे ऐकायला छान. पण चाकोरीच्या मधोमध उंच दगड आला तर उतरून पाहणं आणि एक चाक उंचावट्यावर घेणं एवढ्याने काम भागतं. पाऊस पडून गेला असेल तर मात्र काळ्या मातीच्या पट्ट्यात फोर-बाय-फोरही रुतते, ट्रॅक्टरनेच काढावी लागते, आणि तिने पाडलेले चर पुढच्या पावसापर्यंत तसेच राहतात. अशा दिवशी डांबरी रस्ता सोडूच नये.

खर्च करायचाच तर टायरवर करावा. हिवर आणि बाभळीचे काटे हा माळावरचा खरा शत्रू. ट्यूबलेस टायर, घट्ट प्लग भरता येणारा पंक्चर किट, बारा व्होल्टचा पंप आणि हवा भरलेली स्टेपनी. या चार गोष्टींपैकी स्टेपनीत हवा आहे का, हे लोक फक्त पंक्चर झाल्यावर बघतात.

यापुढचा मुद्दा या पट्ट्यातल्या इंजिनवाल्यांना लगेच कळेल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. माळावर तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळलं की ती भरते आणि दिवा लागतो. मग गाडी स्वतःच ती काजळी जाळायला घेते आणि आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. त्या क्षणी गाडी गुडघाभर वाळलेल्या कुसळी गवतात उभी असेल तर काय होईल, हे सांगायला नको. जानेवारीनंतर गाडी उघड्या मुरमावरच थांबवावी. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काही थंड नसतो. परतताना बोनेट उघडून रेडिएटरपाशी आणि गाडीखाली वाकून पाहिलं तर मूठभर कुसळं निघतात.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल हल्ली फार विचारतात. चाकणमधून महिंद्रांच्या बीई सिक्स आणि एक्सईव्ही नाइन-ई निघायला लागल्यापासून जास्तच. हळू जाताना तिचा आवाज जवळपास नसतो, हे खरं. पण मुरमावर टायर करकरतो तो करकरतोच, आणि जनावराचे कान त्या आवाजाकडेच असतात. तिचा खरा फायदा निराळा. मार्चच्या उन्हात इंजिन चालू न ठेवता, गाडी न थरथरवता आत गारव्यात बसता येतं. पल्ल्याचं म्हणाल तर जाऊन-येऊन तीनशेच्या पुढे किलोमीटर धरावेत आणि परतीच्या चार्जिंगची जागा निघण्याआधी बघून ठेवावी.

गाडीत सर्वांत आधी तपासायची गोष्ट ब्रोशरमध्ये नसते. मागच्या दाराची काच पूर्ण खाली जाते का? बऱ्याच नव्या एसयूव्हींत ती निम्म्यावर अडते, आणि खांब जाड असल्याने मागच्याला जनावर दिसतच नाही. तिसऱ्या रांगेतल्याला तर फक्त दुसऱ्या रांगेतल्याची मान दिसते. खिडकीची कड किती उंच आहे, हेही बघावं. उंच गाडीतून लांडग्याच्या पाठीचा फोटो येतो, बुटक्या गाडीतून डोळ्यांचा. जुन्या वॅगन आरचे फोटो नव्या मोठ्या गाडीपेक्षा सरस आलेले पाहिलेत, आणि ते पाहून गाडीमालकाचा चेहराही पाहिलाय.

आणि सनरूफ. शहरात ती पोरांना आवडते, माळावर मोठ्यांना. गाडी थांबली की दोघं त्यातून वर निघतात, एकाच्या हातात कॅमेरा, दुसऱ्याचा हात लांब करून दाखवत असतो. चित्तेवानाने आपली आकृती गाडीआड ठेवायला केलेला सगळा आटापिटा इथे एका बटणावर उलटतो. शंभर मीटरवर निवांत बसलेलं लांडग्याचं जोडपं उठतं आणि मागे न बघता निघून जातं. लांडगा पळत नाही, नुसता चालायला लागतो, आणि पाच मिनिटांत दिसेनासा होतो.

थांबायची रीत चित्तेवानाचीच. जनावर दिसलं की करकचून ब्रेक मारू नये. आहे त्याच वेगाने पुढे जावं, तिरकं, आणि गाडी हळूहळू आपोआप थांबू द्यावी. ऊन पाठीशी आणि खिडकी जनावराकडे. इंजिन बंद. दार उघडायचं नाही, कारण दार लागल्याचा आवाज माळावर फार लांब जातो. मग दहा मिनिटं काहीच करायचं नाही. चिंकारा शेपटी हलवायचं थांबवून पुन्हा चरायला लागला की दुर्बीण वर घ्यायची.

* * *

दुर्बिणीच्या बाबतीत या पट्ट्यातली माणसं खरं तर इतरांपेक्षा पुढे असायला हवीत. दिवसभर प्रोफाइल प्रोजेक्टरवर थ्रेड तपासणारा, सरफेस टेबलवर मायक्रॉन मोजणारा क्वालिटीचा माणूस भिंगाला फसायला नको. पण ऑनलाइन ‘४०×६०, रात्रीही दिसणारी’ असलं काहीतरी दीड हजारांत दिसलं की तोही घेतो.

त्याच्याच भाषेत सांगायचं तर दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ म्हणजे आठ पट मोठं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. बेचाळीसला आठाने भागा, सव्वापाच. डोळ्यात जाणारी प्रकाशाची चकती सव्वापाच मिलिमीटरची. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहिलं तर मागच्या भिंगात ती पांढरी चकती दिसते, पट्टीने मोजताही येते. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीत पाचच्या आसपास. म्हणजे पन्नाशीच्या माणसाला पहाटेच्या अंधुक उजेडात ८×४२ पुरेपूर वापरता येते. खिशात मावणारी १०×२५ घेतली तर चकती अडीचची, आणि लांडगा जेव्हा खरोखर फिरत असतो त्या वेळेला ती काळोखच दाखवते. आणि ती ४०×६०? खरोखर चाळीस पटींची असती तर चकती दीड मिलिमीटरची भरली असती आणि हाताच्या थरथरीने माळ नाचला असता. ती प्रत्यक्षात चाळीस पटींची नसतेच, हा तिचा एकमेव चांगुलपणा. लाल-तांबूस चमकणाऱ्या भिंगांची दुर्बीण दिसली की दुकानातून बाहेर पडावं.

दहा पट की आठ पट? माळासाठी माझं मत आठलाच. आठ पटींत एक हजार मीटरवर साधारण एकशेतीस-चाळीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहा पटींत वीस-तीस मीटर कमी. गवतात हललेलं जनावर शोधायला रुंदी लागते. शिवाय माळाची हवा. हिवाळ्यात साडेनऊ-दहानंतर आणि मार्चमध्ये आठपासूनच जमीन तापून हवा लहरायला लागते. मग तीनशे मीटरवरचा काळवीट पाण्यातल्यासारखा थरथरतो. तेव्हा जितकी पट जास्त तितकी लहर मोठी दिसते. साठ पटींचा स्पॉटिंग स्कोप अशा वेळी महागडा निरुपयोगी ठरतो. अमेरिकी शिकाऱ्याच्या थंड डोंगरात तो शोभतो. आपल्याकडे त्याची जागा भिगवणला, उजनीच्या पाणलोटावर. रोहित आणि पट्टकदंब जिथे पाण्यात दूरवर पसरलेले असतात तिथे सकाळी सातला तिपाईवर स्कोप लावला तर पैसे वसूल.

दुकानात घ्यायची परीक्षा सोपी. समोरची विजेची तार बघा. दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा-पंधरा सेंटिमीटर मागे आणा. दोन्ही गोलांत तार एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एका गोलात वर, एका गोलात खाली गेली तर आतली प्रिझम सरकलेली आहेत. असली दुर्बीण पाच मिनिटं चांगली वाटते, तासाभराने डोकं दुखतं, आणि माणूस म्हणतो, मला दुर्बीण सोसत नाही. मग गोलाच्या कडेला तार वाकडी होते का, काळ्या खांबाला जांभळी किनार येते का, ते बघा. चष्मेवाल्याने मागच्या भिंगापासून डोळ्याचं अंतर किती, ते विचारावं. ते पंधरा-सोळा मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर चष्मा लावून आख्खं चित्र दिसत नाही. उजव्या डोळ्याच्या कडीचं काम कित्येकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डावा डोळा साफ करायचा, मग डावं झाकून उजव्या कडीने उजवा. एकदा जमलं की कडीवर पेंट मार्करने खूण करावी, कारण गाडीत दुर्बीण चार हातांतून फिरते आणि प्रत्येक जण ती कडी फिरवतो.

दहा-पंधरा हजारांत, वाकड्या नळ्यांची, जुन्या पद्धतीची ८×४० किंवा सरळ नळ्यांची साधी ८×४२ चांगली मिळते. सरळ नळ्यांची स्वस्तातली घेण्यापेक्षा त्याच पैशांत वाकड्या नळ्यांची घ्यावी, चित्र उजवं असतं. भीमाशंकरच्या पावसाळी धुक्यात शेकरू शोधणार असाल तर मात्र नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी हवी, नाहीतर भिंग आतून घामेजतं. लाख-दीड लाखांच्या पुढच्या युरोपी दुर्बिणींबद्दल एवढंच, की एकदा त्यातून बघू नये. नवी गाडी घेताना वरच्या मॉडेलसाठी, मोठ्या अलॉयसाठी आणि त्या सनरूफसाठी जे लाख-दोन लाख सहज मोजले जातात, त्याच्या दहाव्या हिश्शात घरातल्या आयुष्यभराच्या दुर्बिणीचा प्रश्न मिटतो.

कॅमेऱ्याशी माझं भांडण नाही, पण एक निरीक्षण आहे. सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊन आलेला माणूस ड्रायव्हरला सारखा म्हणतो, जरा पुढे घे. दुर्बीणवाला म्हणत नाही. त्याला दीडशे मीटरवरून लांडग्याच्या कानाची हालचाल दिसत असते आणि त्याचं समाधान तिथे झालेलं असतं. लेन्सला चौकट भरायची असते. लेन्स न्यायचीच असेल तर जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून त्यात राजमा किंवा तांदूळ भरावेत आणि ती खिडकीच्या कडेवर ठेवावी. दुर्बिणीलाही तिचाच टेकू.

रात्रीच्या टॉर्चबद्दल वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं. जुन्नर-खेड-चाकणच्या उसात बिबट्या आहे, आणि तो कधी कारखान्यातही येतो. मार्च २०२४ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात शिरलेला बिबट्या सर्वांनी व्हिडिओत पाहिला. तेव्हापासून संध्याकाळी गाडीतून टॉर्च मारत फिरायची टूम काही गावांत निघाली आहे. उसात कुठलीही दुर्बीण चालत नाही. उजेडाने बिथरलेला बिबट्या गाडीपासून लांब जातो, म्हणजे बहुतेकदा एखाद्या वस्तीकडे जातो. आणि वनखात्याला टॉर्चवाली गाडी आणि शिकाऱ्याची गाडी लांबून सारखीच दिसते.

कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे पुणे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. ऑनलाइन बुकिंग, ठरलेले रस्ते आणि सोबत गावातला शिकवून तयार केलेला वाटाड्या. ज्याने आजवर मेंढरं राखली आणि लांडग्याला शिव्या घातल्या, त्याच गावातला पोरगा आता लांडगा दाखवून कमावतो. गाडीत त्याला पुढची डावी सीट द्यावी. बहुतेक गाड्यांत तिथे वडीलधारी मंडळी बसलेली असतात आणि वाटाड्या मागे मधोमध अंग चोरून बसतो. तिथून त्याला काही दिसत नाही, मग आपल्यालाही नाही. तो नुसत्या डोळ्यांनी पाचशे मीटरवरचं जनावर सांगतो, पण ते मेंढपाळाचं कुत्रं की लांडगा, हे ठरवायला त्यालाही दुर्बीण लागते. तेव्हा घरातली जुनी, जराशी खरचटलेली पण तार सरळ दाखवणारी ८×४० त्याच्यासाठी वेगळी घ्यावी आणि निघताना परत मागू नये. पुढच्या गुरुवारी तोच फोन करून सांगतो की ओढ्याच्या अंगाला पिलं दिसलीत, पण पंधरा दिवस तिकडे गाडी आणू नका.